पडद्याआड राहिलेली काच

४ सप्टेंबर, स्टुडिओतून

मास्तर,

पत्र माझं आहे हे ऐकल्याबरोबर तू "ठेव बाजूला" म्हणणार. सूनबाई, ठेवू नकोस. सासऱ्यांना सांग, फोटोवाल्याचं पत्र आहे आणि त्यात माफीबिफी काही नाही. माफी त्यांनी मागायची आहे, पण मला घाई नाही.

तर मास्तर, परवा तुझ्या सुनेचा फोन आला होता. तू स्वतः फोनवर "हं"च्या पुढे कधी जात नाहीस, म्हणून हा पत्राचा उद्योग. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, आत जंतू शिरले आणि डोळा गेला, हे मला बेकरीवाल्याकडून कळलं होतं. तेव्हा मी फोन केले, तू घेतले नाहीस. ते असो. आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर म्हणतात काढून टाकू, आणि तू म्हणतोस, "जेवढं दिसतंय तेवढं पुरे." काय दिसतं म्हणे? खिडकी कुठे आणि दार कुठे. माणूस आला की सावली हलते. अरे, एवढं तर माझ्या डार्करूममध्येही दिसतं!

पण मी त्यासाठी लिहीत नाहीये. दुसऱ्याचं ऐकून तू काही केलंस असं आजवर झालेलं नाही, आणि या वयात ती सवय तुला कोण लावणार. मी लिहितोय आपल्या सिनेमाबद्दल. कोणता ते विचारू नकोस. ज्यावरून तू आपल्या भर सिनेमा-मंडळात मला "अक्कल काय दुकानात विसरून आलास?" असं विचारलंस, आणि मी तुला "झोपेत शिकवणारा मास्तर" म्हणालो, तोच. त्या दिवशी जो अबोला धरलास, तो धरूनच मुलाकडे राहायला गेलास.

सूनबाईला काही माहीत नसणार, म्हणून तिच्यासाठी सांगतो. बर्फाच्या उजाड मैदानात एक संशोधनकेंद्र असतं. मोजकी माणसं. हिवाळा इतका लांबलचक की सगळे पाळीपाळीने महिनोन्महिने झोपतात, एका यंत्राला जोडून. ते यंत्र सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतं, आणि स्वप्नात काय, तर तेच केंद्र, त्याच खोल्या, तीच माणसं. म्हणजे आपण जागे आहोत की झोपलोय हे कळायची सोयच नाही. फक्त यंत्र बनवणाऱ्यांची एक चूक राहून गेलेली असते. स्वप्नातल्या काचेवर श्वास सोडला तर वाफ धरत नाही. तिथल्या स्वयंपाकीणबाईच्या ते लक्षात येतं. शेवटी ती एका गोल खिडकीपाशी जाते, तोंड पुढे करते, श्वास सोडते आणि हसते. अंधार. सिनेमा संपला.

काच दिसतच नाही. निदान आपल्या मंडळात तरी कधी दिसली नाही, आणि म्हणून तर सगळी भांडणं. तू म्हणायचास, ती जागी झाली, असं हसू जाग्या माणसाचंच असतं. मी म्हणायचो, माझ्या स्टुडिओत रोज माणसं अशी हसतात, आणि त्यातली निम्मी अर्धवट झोपेत असतात. बाई स्वप्नातच आहे. ग्रंथपालबाई तुझ्या बाजूने, बेकरीवाला माझ्या. चहा गार व्हायचा, हॉलचा रखवालदार किल्ल्या वाजवत उभा राहायचा, तरी आपलं चालूच.

आता बातमी ऐक. हॉलला रंग देणं चाललंय. रंगाऱ्यांनी पडदे उतरवले, बुद्धिबळवाल्यांचं ते अवजड कपाट हलवलं. प्रोजेक्टर परत नीट बसला का हे बघायला मी आपल्या जुन्या रिळांतलं हाताला लागलं ते लावलं, तर ते नेमकं ह्याच सिनेमाचं शेवटचं निघालं. समोर मोकळी भिंत. आणि मास्तर, चित्र डावीकडे वीतभर जास्त होतं!

डावा पडदा आजवर कधी पुरता उघडलाच नव्हता रे. आठव, का उघडला नव्हता ते. बाहेरच्या दाराच्या फटीतून उजेड येतो म्हणून तो काळा पडदा कपाटाच्या कडीला सुतळीने घट्ट बांधून कुणी ठेवला होता? तुम्हीच, मास्तर. सुतळीची गाठ अजून तशीच आहे. आणि मी प्रोजेक्टरपाशी खांबाआड बसायचो, तिथून ती कड दिसत नाही, आणि उठून बघायची बुद्धी मला कधी झाली नाही. जन्मभर लोकांचे फोटो कापून चौकटीत बसवले, आणि आपल्याच मंडळाचा सिनेमा कापला जातोय हे मला कळलं नाही! अख्ख्या जगाने तो सिनेमा पुरा पाहिला. आपण कड सोडून पाहिला आणि उरलेल्यावर भांडलो.

आता त्या वीतभर पट्टीत काय आहे म्हणशील. खिडकीची काच आहे.

मी ती पाहिली. वाफ धरते की नाही तेही पाहिलं. पण पत्रात लिहिणार नाही. डोळा करून घे, इकडे ये आणि बघ.

फोटोवाला


२१ सप्टेंबर, स्टुडिओ

मास्तर,

तुझं उत्तर आलं. उत्तर म्हणायचं म्हणून म्हणतो. सूनबाईच्या सुरेख अक्षरात दोन ओळी. "मला काडीचा फरक पडत नाही. वाफ होती का?" अरे, फरक पडत नाही तर विचारतोस कशाला?

खरी मजा खाली होती. सूनबाईने आपल्या मनाने चार ओळी जोडल्यात, त्या तिने तुला वाचून दाखवल्या की नाही कोण जाणे. आता तिलाच त्या माझ्या पत्रातून वाचाव्या लागतील. तुझ्या मुलाने आणि तिने तो सिनेमा शोधून काढून घरी पाहिला. अख्खा, कडेसकट. मुलगा म्हणतो वाफ धरली. ती म्हणते मुळीच नाही, तो दिव्याचा उजेड काचेवर पडतो. पुन्हा लावून पाहिला, तरी दोघं आपापल्या जागी ठाम. जेवायला उशीर झाला, आणि तुझा मुलगा "तुला चष्मा लागलाय" म्हणाला म्हणून तिने त्याला स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यायला लावलं. सूनबाई, शाब्बास. तू आमच्या मंडळात असायला हवी होतीस.

आणि यावर तू काय म्हणालास? "त्या दोघांना बघताच येत नाही." बघ! मला ठाऊक होतं. तू ना मुलाचं मानणार, ना सुनेचं, आणि माझं तर नाहीच नाही. तुला तुझ्याच डोळ्याने बघायला हवं. मग तो डोळा दुरुस्त करून घ्यायला कोण अडवतंय?

इकडची खबर अशी की मंडळ चालू आहे. दर रविवारी दुपारी सिनेमा होतो. मग मी दिवे लावतो, खुर्च्या गोल मांडतो आणि विचारतो, "काय वाटलं?" बेकरीवाला म्हणतो, "छान होता." ग्रंथपालबाई म्हणतात, "हो, छान होता." नवीन आलेलं जोडपं म्हणतं, "आम्हालाही छान वाटला." झालं. लोक पायात चपला सरकवून घरी जातात. परवा मी मुद्दाम म्हटलं की मला अजिबात आवडला नाही, दिग्दर्शकाला चौकात उभं करायला पाहिजे. तर ग्रंथपालबाई म्हणाल्या, "तसंही म्हणता येईल." काय बोलणार यावर? तुझ्यावाचून माझं काही अडत नाही, गैरसमज करून घेऊ नकोस. पण भांडायला माणूस नाही रे इथे.

धंदा बरा चाललाय. बहुतेक पासपोर्टचेच फोटो. काल एका गृहस्थांनी दर फोटोला डोळे मिटले. शेवटी त्यांच्या बायकोने मागून चिमटा काढला तेव्हा कुठे उघडे सापडले. फोटोत भयंकर दचकल्यासारखे दिसतात, पण पासपोर्टला चालतं.

ऑपरेशनचं काय ठरवलंस? खरं कारण सांग. "पुरे दिसतंय" हे कारण नव्हे. तू मास्तर माणूस, दुसऱ्याने असं मोघम उत्तर लिहिलं असतं तर शून्य दिलं असतंस.

फोटोवाला


१० ऑक्टोबर, घरून

मास्तर,

पाकीट उघडलं आणि अक्षर ओळखलं. तू स्वतः लिहिलंस! फूटपट्टी धरून लिहिलं असावंस, कारण प्रत्येक ओळ खालून सरळ आहे आणि वरून एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. निगेटिव्ह बघायचं भिंग लावून सगळी सकाळ वाचत बसलो. गिऱ्हाईक आलं त्याला म्हटलं, उद्या ये.

शेवटी तू लिहिलंयस, "उत्तर सूनबाईच वाचणार, तिला कळलं तर कळू दे. मला हे तोंडाने कुणाला सांगवत नव्हतं म्हणून लिहिलं." तेव्हा मी मोकळेपणाने लिहितो. सूनबाई, तू हळू वाच.

म्हणजे गोष्ट अशी आहे तर. जागेपणी सगळं गढूळ, आणि झोपलास की लख्ख. स्वप्नात तुला तुझ्या वर्गातले नकाशे दिसतात, नकाशातली नद्यांची बारीक नावं वाचता येतात. आणि वहिनी दिसतात. खिडकीशी बसून शिवत असतात, सुईतला दोरासुद्धा दिसतो. म्हणून तू दुपारी झोपतोस, संध्याकाळी झोपतोस, सकाळी उठायला मागत नाहीस. घरातल्यांना वाटतं म्हाताऱ्याने हाय खाल्ली, आणि म्हातारा तिकडे मजेत आहे. वर तू लिहितोस, "ऑपरेशन बिघडलं तर आहे तो उजेडही जाईल. सुधारलं तर सगळं दिसेल, ती सोडून. मग कशासाठी?"

वाचून मला रडू आलं. उगाच खोटं कशाला बोलू. वहिनी गेल्या तेव्हा तू घरी आलेल्या सगळ्यांना बसायला खुर्च्या देत होतास, पाणी देत होतास, त्या दिवशी तुझ्या डोळ्यांत पाणी पाहिलं नाही. ते इतके दिवस कुठे ठेवलं होतंस ते आता कळलं.

आता माझं ऐक. आजवर तू म्हणत आलास की बाई जागी झाली, आणि मी म्हणत आलो की ती स्वप्नात आहे. आता बघ काय उलटापालट झालीये. तू स्वप्नात जाऊन बसलायस, आणि तुला हलवून उठवायचं काम माझ्याकडे आलंय. मला हे काम नको होतं. पण गळ्यात पडलंय तर करतो.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. "ती काही बोलत नाही, नुसती शांत बसलेली असते, फार बरं वाटतं." मास्तर! वहिनी आणि शांत? माझ्या वहिनी? ज्यांनी मला त्यांच्या दारात चिखलाचे बूट घालून आलो म्हणून परत फाटकापर्यंत पाठवलं होतं? तू दुपारी नुसतं अंग टेकलंस तरी ज्या म्हणायच्या, "उठा, सूर्य अजून वर आहे"? त्या बाई तू सकाळ-दुपार-संध्याकाळ लोळतोयस हे बघतात आणि चकार शब्द न काढता शिवत बसतात?

त्या वहिनी नव्हेत रे. ते चित्र आहे, तुझ्याच मनाने काढलेलं, फार सुंदर काढलेलं. पण त्यात त्यांचं रागावणं राहून गेलंय. सिनेमातलं यंत्र जसं वाफ विसरलं, तसं तुझं मन हे विसरलं. तुझी खूण तुझ्यासमोर आहे, आणि तू, आयुष्यभर त्या बाईच्या बाजूने भांडलेला माणूस, ती बघायला तयार नाहीस.

स्वप्न बघू नकोस असं मी म्हणत नाही. भेट त्यांना, खुशाल भेट. पण रात्रीच्या रात्री. दिवसा त्यांनी तुला झोपू दिलं नसतं.

आणि "ती सोडून सगळं दिसेल" म्हणतोस, त्याचं उत्तर माझ्या कपाटात आहे. तुमच्या मुलाच्या शाळेच्या प्रवेशाच्या वेळी तुम्ही तिघं फोटो काढायला आला होतात. मी फोकस बघत होतो, तू मध्येच कॉलर सारखी करायला लागलास, आणि वहिनी तुझ्याकडे वळून जे बोलल्या, नेमकं तेव्हाच माझं बोट बटणावर पडलं. बोट वर, भुवया वर, तोंड उघडं. वहिनींनी मला बजावलं होतं की हा फोटो कुणाला दाखवलास तर याद राख. मी निगेटिव्ह ठेवून दिली, दाखवला कुणालाच नाही. आता त्यांची परवानगी गृहीत धरतो. फोटो मोठा करून ठेवलाय, दाराएवढा नाही पण चांगला मोठा. पोस्टाने पाठवणार नाही. पाठवून तुला काय दिसणार, पांढऱ्यावर काळं.

हे ब्लॅकमेल आहे असं म्हणशील. आहेच.

तुझ्या भीतीबद्दल मात्र मला थट्टा करता येत नाही. एक डोळा असा गेला, दुसराही जाऊ शकतो. डॉक्टरांना विचार, पुन्हा विचार, दुसऱ्या डॉक्टरांनाही विचार. पण सूनबाई म्हणत होती की आत्तापर्यंत दाखवलेल्या दोघा डॉक्टरांचं एकच मत आहे, नुसतं ठेवलं तर आहे तेही जाईल. म्हणजे मास्तर, तू उजेड राखून ठेवलेला नाहीस. तो सरतोच आहे. तू फक्त झोपून असल्यामुळे तुला कळत नाही.

लिहून झालं. हात दुखायला लागला. रागावलास तर रागाव, पण पत्र टाक.

फोटोवाला


२ नोव्हेंबर, स्टुडिओ

मास्तर,

"तारीख घेतली." बस, एवढंच! आधी एक अक्षर नाही, नंतर एक अक्षर नाही. मी पोस्टमनला म्हटलं, पाकिटात अजून काही राहिलंय का बघ. तो हसला.

सूनबाईला फोन करून बाकीचं काढून घेतलं. परवा सकाळी. मुलगा रजा घेणार आहे. तू सूनबाईला म्हणालास म्हणे, "त्या फोटोवाल्याने मला नादाला लावलं." हो, लावलं. आणि खरं सांगू, पत्र पेटीत टाकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. दुसऱ्याच्या डोळ्यावर पैज लावणारा मी कोण? काल एका मुलीचा फोटो काढला आणि फिल्मच घातली नव्हती. डिजिटल कॅमेरा बाजूला पडलेला असताना जुनाच उचलला होता, डोकं ठिकाणावर नसल्याचं हे लक्षण. तिला पुन्हा बसवलं.

म्हणून आता, तू आत जायच्या आधी, एक गोष्ट सरळ सांगून टाकतो. काच मी पाहिली हे खरं. पण वाफ धरते की नाही हे मला ठाऊक नाही. पहिल्या दिवशी पाहिलं तेव्हा वाटलं, धरली, मास्तर जिंकला, मेलो. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर कोरी. मग रंगारी म्हणाला धरते, त्याचा जोडीदार म्हणाला नाही धरत. डोळ्याचं पातं लवायच्या आत अंधार होतो, काय करणार? ज्याने सिनेमा काढला त्यालाच ते सांगायचं नसणार. तुझ्या मुला-सुनेचं भांडण वाचलं तेव्हाच मला कळून चुकलं, पण तुला ओढून आणायला दुसरी दोरी नव्हती, म्हणून तोंड मिटून बसलो.

तेव्हा सिनेमाचा निकाल लागेल या आशेवर जाणार असशील, तर जाऊ नकोस. निकाल लागणार नाही. फोटो मात्र खरा आहे, आणि मी खरा आहे, आणि तुझी खुर्ची.

आणि समजा बिघडलं. तर मी येईन. स्टुडिओला कुलूप लावून येईन, तुझ्याशेजारी बसून एकेक सिनेमा तुला सांगेन, कोण आलं, कोण गेलं, खिडकी कुठे. तू मध्येमध्ये "खोटं, असं नसणारच" म्हणशील. आपलं भांडण चालू राहील. मी ठरवलंय ते, उगाच धीर द्यायला बोलत नाही.

जा मास्तर. मी इथे आहे.

फोटोवाला


२५ नोव्हेंबर, स्टुडिओ

मास्तर,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, दुकानाच्या पाटीसारखं. सूनबाईने मध्ये यायचं नाही. वाचता येतंय ना? एका ओळीत चार शब्द मावतात, त्यामुळे हे पत्र पाकिटात घडी घालून कोंबावं लागणार.

काल तुझा फोन आला आणि मी दोनदा विचारलं, कोण बोलतंय? "हं"शिवाय तुझा आवाज ऐकायची सवयच नव्हती. आणि बोललास काय, तर नुसत्या तक्रारी! सुनेने बैठकीच्या खोलीला हा कसला पिवळा रंग दिलाय. मुलाचं पोट सुटलंय आणि कुणी मला सांगितलं नाही. आरशात एक अनोळखी म्हातारा आहे. पट्टी काढली तेव्हा डॉक्टरांना म्हणे तू विचारलंस, "तुम्ही एवढे तरुण? आधी कळलं असतं तर आलो नसतो." मी दुकानात एकटाच हसत होतो. बाहेरून जाणारे आत डोकावून बघत होते.

डोळा धरला. धरला रे! मी बेकरीत गेलो, बेकरीवाल्याला सांगितलं, आणि त्याने पीठ लागलेल्या हातांनी मला मिठी मारली. शर्ट अजून झटकला नाही.

पट्टी निघाल्याचं सूनबाईने कळवलं त्याच दिवशी फोटो पाठवला होता, आता तुला दिसणार होता ना. काल तक्रारी संपल्यावर तू तो हातात घेतलास, कागद खरखरलेला मला फोनवर ऐकू आला. मग म्हणालास, "हिचं तोंड केवढं उघडं आहे रे!" आणि हसायला लागलास, आणि नंतर हसणं राहिलं नाही, मला ऐकू येत होतं. मी ठेवला नाही फोन. तूही ठेवला नाहीस.

आता ये. पंधरवड्यानंतरच्या रविवारी आपला सिनेमा लावतोय. पडदा काढूनच टाकला, दाराच्या फटीला रंगाऱ्याने पट्टी ठोकून दिली, उजेड येत नाही. तुझी खुर्ची पहिल्या रांगेत, अगदी मधोमध ठेवीन.

फोटोवाला


१८ डिसेंबर, स्टुडिओ

मास्तर,

पोचलास ते सूनबाईने कळवलं. डोळ्यात औषध वेळेवर घालतोस का, हे मी विचारणार नाही, ते ती बघेल.

तू गेल्यापासून इथे नुसती चर्चा आहे. ग्रंथपालबाई माझ्याशी बोलत नाहीत, कारण मी म्हटलं की वाफ धरली आणि त्या आता म्हणतात की धरली नाही. हो, पार्ट्या बदलल्यात. बेकरीवाला तुमच्या जुन्या बाजूला गेलाय. ते नवीन जोडपं घरी जाताना रस्त्यात भांडलं म्हणे. रविवारी हॉल भरला होता, रखवालदाराने किल्ल्या वाजवल्या, कुणी उठेना. काय सांगू किती बरं वाटलं.

मला मात्र राहून राहून तू आलास तो रविवार आठवतो. मी तुझी खुर्ची मधोमध मांडली होती, पुसून ठेवली होती. तू मध्यंतरापर्यंत बसलास, मग काठी टेकत मागे आलास आणि माझ्या शेजारी, खांबाआड, स्टूल ओढून बसलास. मी म्हटलं, "अरे, इथून डावी कड दिसत नाही." तू म्हणालास, "गप्प बस, रीळ बघ."

मध्येच मी हळूच विचारलं, वहिनी अजून येतात का स्वप्नात. म्हणालास, "येते. आता बोलते." मी विचारलं काय बोलतात. तू म्हणालास, "उठा म्हणते. दुसरं काय बोलणार?" आणि परत भिंतीवरच्या चित्राकडे तोंड केलंस. बरं झालं अंधार होता.

मग शेवट आला. बाई खिडकीशी गेली, हसली, अंधार झाला. मी दिवे लावले. सगळे एकदम बोलायला लागले आणि एकदम थांबले, कारण सगळ्यांना आठवलं की निकाल तू द्यायचा आहे. बेकरीवाला उभा राहून म्हणाला, "मास्तर, बोला. जागी झाली की नाही?"

आणि तू म्हणालास, "मी बघितलंच नाही."

काय गदारोळ झाला! इतक्या लांबून आलात, ऑपरेशन करून आलात, आणि बघितलं नाही? तू तुझ्या त्या शाळेतल्या आवाजात म्हणालास, "त्या बाईचं ती बघेल. मी याच्याकडे बघत होतो." मग माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर, म्हणालास, "किती म्हातारा झालास रे तू!"

सगळे हसले. मी खाली वाकलो आणि रीळ गुंडाळत बसलो, ते आधीच गुंडाळलेलं होतं. मग तुला गाडीत बसवलं. नंतर सगळा आठवडा मी मनात उत्तरं जुळवत होतो, एकाहून एक खोचक.

शेवटी एवढंच उरलंय ते लिहितो. तूही म्हातारा झालायस, लेका. केस सगळे गेले, मान पुढे आली, एक पाय ओढत चालतोस. पण आलास.

फोटोवाला